वळिवड्यात नसलेली माणसं

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. 1943 ते 1948 या वर्षांत पंचगंगेच्या परिसरात सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची, लग्नंही लागली. आज कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं. ऑगस्ट 2024 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या त्या स्मारकाला वंदन केलं, तेव्हा ही आठवण पुन्हा उजळली. आतिथ्याची ही गोष्ट खरी आहे आणि मोलाचीही आहे. पण ती सांगताना एक साधा प्रश्न आपण विचारत नाही. त्या छावणीत बहुतांश बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. मग त्या बायकांचे नवरे, त्या मुलांचे बाप आणि थोरले भाऊ कुठे होते?

त्यातले बरेच जण इटलीच्या डोंगरांत लढत होते. काही कातिनच्या जंगलात पुरले गेले होते, आणि घरच्यांना ते कळायला तीन वर्षं लागली होती. जे लढत होते, त्यांचा देश पडून चार-पाच वर्षं झाली होती. त्यांच्या गावांवर आधी दोन शत्रूंचा कब्जा होता, नंतर एकाचा, मग दुसऱ्याचा. तरीही ते आपल्याच निशाणाखाली, आपल्याच सरकारच्या हुकमाने लढत होते. ते सरकार लंडनमध्ये भाड्याच्या इमारतींत बसत होतं.

देश हातचा गेल्यावर सैन्याने परमुलखातून लढत राहावं का? या प्रश्नावर शहाणी माणसं सहसा थंडपणे बोलतात. दुसऱ्याच्या बंदुका, दुसऱ्याचा पैसा, दुसऱ्याने आखलेल्या मोहिमा. मग असं सैन्य यजमानाच्या पटावरचं प्यादंच ठरतं, असं ते म्हणतात. पोलंडचा दाखला तर हमखास दिला जातो: एवढे लढले, शेवटी मिळालं काय? मला हा युक्तिवाद मुळातच चुकीचा वाटतो. प्याद्यासारखं त्यांना वागवलं गेलं, हे खरंच आहे. पण तो दोष लढणाऱ्यांचा नाही. ज्याने त्यांचं रक्त घेतलं आणि ज्या राज्यासाठी ते सांडलं त्या राज्याची ओळख नंतर नाकारली, त्याचा तो दोष आहे. आपण हिशेब चुकीच्या दारात मागतो.

1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीने पश्चिमेकडून हल्ला केला आणि 17 सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून घुसल्या. त्याच रात्री पोलंडचे अध्यक्ष आणि मंत्रिमंडळ सरहद्द ओलांडून रुमानियात गेले. वॉर्साच्या शिबंदीने महिन्याच्या अखेरीस शस्त्रं ठेवली, पण पोलंड या राज्याने शरणागतीच्या कागदावर कधीच सही केली नाही. रुमानियात स्थानबद्ध झालेल्या अध्यक्षांनी राज्यघटनेतल्या युद्धकालीन तरतुदीनुसार उत्तराधिकारी नेमला, पॅरिसमध्ये नवं सरकार उभं राहिलं आणि जनरल व्वादिस्वाव सिकोर्स्की पंतप्रधान व सरसेनापती झाले. जर्मनांना त्या देशात आपल्या तालावर नाचणारं पोलिश सरकार उभं करता आलं नाही. म्हणून सिकोर्स्कींची फौज ही 'पूर्वीच्या पोलंडचे सैनिक' नव्हती. पोलंडचं राज्य म्हणून जे काही शिल्लक होतं, ते तीच होती. जमीन गेली, लोक कैदेत पडले, आणि उरलं ते एक सरकार व त्याची शपथ वाहिलेली माणसं.

हे टिकवणं किती अवघड होतं हे 'ओझेउ', म्हणजे 'गरुड', नावाच्या पाणबुडीवरून दिसतं. ती तटस्थ एस्टोनियाच्या टॅलिन बंदरात अडकली. तिथल्या अधिकाऱ्यांनी तिचे सागरी नकाशे काढून घेतले, तोफ निकामी केली आणि बरेचसे टॉर्पेडो उतरवले. 18 सप्टेंबरच्या पहाटे ती पहारेकऱ्यांना ताब्यात घेऊन अंधारात निसटली. दीपगृहांच्या यादीवरून खलाशांनी स्वतः नकाशा काढला. दोन एस्टोनियन पहारेकऱ्यांना स्वीडनच्या किनाऱ्यावर उतरवलं, घरी जायला पैसेही दिले, आणि 14 ऑक्टोबरला ते ब्रिटनला पोहोचले. ही शौर्याची कथा इथेच थांबवायचा मोह होतो, पण तसं करणं प्रामाणिकपणाचं नाही. त्या पलायनाचं निमित्त पुढे करून सोव्हिएत संघाने एस्टोनियावर दबाव आणला आणि महिना संपायच्या आत आपले लष्करी तळ तिच्यावर लादले. परमुलखातून लढण्याची किंमत कधीकधी तिसराच माणूस मोजतो.

जून 1940 मध्ये फ्रान्स कोसळला आणि हे सरकार लंडनला गेलं. ब्रिटनचा पहिला विचार पोलिश वैमानिकांना आपल्याच हवाईदलाच्या राखीव तुकड्यांत सामावून घेण्याचा होता. गणवेश ब्रिटिश, आणि शपथ ब्रिटनच्या राजाचीही. पोलिश सरकारने हे मान्य केलं नाही. 5 ऑगस्ट 1940 च्या कराराने त्यांचं हवाईदल, भूदल आणि नौदल हे पोलंड या सार्वभौम राज्याचं सैन्य ठरलं. शपथ पोलंडची, निशाण पोलंडचं. युद्धाचं नियोजन मात्र ब्रिटिश सेनापतींच्या हाती. खर्च ब्रिटनने दिलेल्या कर्जातून व्हायचा. हा शेवटचा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. त्यांची बंदूक आणि विमान उसनवारीचं होतं आणि ती उसनवारी त्यांच्या राज्याच्या नावे लिहिली जात होती. वळिवड्यातल्या छावणीचा खर्चही लंडनच्या पोलिश सरकारच्याच खात्यावर पडत होता. भाडोत्री सैनिक पगार घेतो. या माणसांचं राज्य लढण्यासाठी कर्ज काढत होतं.

करारानंतर महिन्याभरातच 303 क्रमांकाची पोलिश तुकडी लंडनजवळच्या नॉर्थोल्ट तळावरून लढाईत उतरली. तेव्हाच्या नोंदींत तिच्या नावावर 126 शत्रुविमानं आहेत. नंतरच्या अभ्यासात हा आकडा बराच खाली येतो, तरी हरिकेन विमानं उडवणाऱ्या तुकड्यांत तिचं स्थान अगदी वरचं राहतं. ब्रिटनच्या आकाशातल्या त्या लढाईत 145 पोलिश वैमानिक होते. त्या उन्हाळ्यात ब्रिटनला त्यांची गरज होती. आणि गरज असते तेव्हा करार पाळणं सोपं असतं.

वळिवड्याची वाट मात्र दुसऱ्या बाजूने आली. सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व पोलंडमधून लाखो माणसांना 1940 आणि 1941 मध्ये गुरांच्या डब्यांतून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेलं गेलं होतं. हिटलर रशियावर उलटला, 30 जुलै 1941 ला लंडनमध्ये पोलिश-सोव्हिएत करार झाला आणि कैदेत असलेल्या पोलिशांचं सैन्य तिथेच उभारायचं ठरलं. मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात खितपत पडलेल्या जनरल व्वादिस्वाव अँडर्स यांना बाहेर काढून त्याचं सेनापतिपद देण्यात आलं. श्रमछावण्यांतून सुटलेली माणसं चिंध्या पांघरून, पायांना फडकी गुंडाळून भरतीला येऊ लागली. मागोमाग त्यांच्या बायका आणि पोरं. सैनिकांच्या शिध्यातला घास काढून या बायकामुलांना जगवावं लागत होतं.

भरतीच्या याद्या वाढत गेल्या तसं एक भयंकर गोष्ट जाणवू लागली. हजारो अधिकारी येतच नव्हते. डिसेंबर 1941 मध्ये सिकोर्स्की आणि अँडर्स यांनी खुद्द स्तालिनला विचारलं. ते बहुधा मांचुरियात पळाले असतील, असं उत्तर मिळालं. प्रत्यक्षात 5 मार्च 1940 च्या सोव्हिएत पॉलिटब्युरोच्या हुकमाने सुमारे 22 हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. कातिनच्या कबरी एप्रिल 1943 मध्ये उघड झाल्या. पोलिश सरकारने तटस्थ चौकशी मागितली म्हणून स्तालिनने त्याच्याशी संबंध तोडले, आणि मित्रराष्ट्रांनी त्या सरकारलाच गप्प राहायला सांगितलं. तोवर अँडर्सचं सैन्य 1942 मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरलं होतं. लाखाहून अधिक माणसं आली, त्यांत हजारो बायका आणि मुलं. तिथे घरं फुटली. पुरुष इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त असे इटलीकडे गेले. बायका-मुलांतल्या काहींना जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत आसरा दिला, काही पूर्व आफ्रिकेत गेली, काही वळिवड्याला आली.

1943 च्या अखेरीस तेहरानला स्तालिन, रूझवेल्ट आणि चर्चिल भेटले. पोलंडचा पूर्वेकडचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे जाईल, यावर तिथे तत्त्वतः मान डोलावली गेली. अँडर्सच्या कोअरमधले, म्हणजे इटलीकडे गेलेल्या त्यांच्या फौजेतले, बहुतेक सैनिक त्याच भागातले होते. ल्वूफचे, विल्नोचे, तिथल्या खेड्यांतले. त्यांना हे सांगितलं गेलं नाही. मे 1944 मध्ये त्यांना इटलीतल्या मॉन्ते कॅसिनो या जर्मनांनी अडवलेल्या, माथ्यावर मठ असलेल्या डोंगराच्या चढणीवर पाठवलं गेलं.

कॅसिनोवर त्याआधी तीन लढाया झाल्या होत्या. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये चौथी भारतीय डिव्हिजन त्याच कड्यांवर झुंजली होती. ज्या 593 क्रमांकाच्या टेकडीसाठी राजपुताना रायफल्सचे जवान मेले, तिच्यासाठीच पुढे पोलिश मेले. 11 मेच्या रात्री शेवटचा हल्ला सुरू झाला, तेव्हा खाली गारी नदीवर आठवी भारतीय डिव्हिजन उतरत होती आणि तिच्यात मराठ्यांची पहिली बटालियन होती. 18 मेच्या सकाळी पोलिश गस्तीने मठाच्या ढिगाऱ्यावर आपलं निशाण चढवलं. 900 हून अधिक पोलिश या लढाईत पडले. तिथल्या त्यांच्या दफनभूमीतला लेख असं सांगतो: आमच्या आणि तुमच्या स्वातंत्र्यासाठी आम्ही पोलंडच्या सैनिकांनी आत्मा देवाला दिला, देह इटलीच्या मातीला, आणि हृदय पोलंडला.

'तुमच्या' हा शब्द वाचताना मराठी माणसाने थबकावं असं मला वाटतं. जुलै 1944 मध्ये वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच पडले. 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदी ओलांडताना निमजच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून परत आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच ब्रिटिश आठव्या सैन्याच्या दुसऱ्या अंगाला पोलिश कोअर हल्ला करत होता. एकीकडे देश गमावलेले पण राज्य असलेले सैनिक, आणि दुसरीकडे देशात घर असलेले पण राज्य नसलेले. आमच्या पोरांच्या शपथेत भारत नव्हता, ब्रिटनचा राजा होता. ऑगस्ट 1940 मध्ये पोलिश सरकार ज्या मुद्द्यावर अडून बसलं, त्याचं मोल आपल्याइतकं कुणाला कळावं? परमुलखातून लढणारी एक भारतीय सेनाही त्याच काळात होती. ऑक्टोबर 1943 मध्ये सिंगापुरात आझाद हिंद सरकार उभं राहिलं आणि त्याच्या सेनेत सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले वरच्या पदावर होते. जपानी यजमानापुढे त्या सेनेचाही प्रश्न तोच होता: आपण कुणाच्या हुकमाने आणि कुणाच्या नावाने लढतो?

फेब्रुवारी 1945 मध्ये त्याच तीन नेत्यांच्या याल्टा इथल्या परिषदेचा निर्णय जाहीर झाला. ल्वूफ गेलं, विल्नो गेलं. इटलीतल्या खंदकांत बसलेल्या हजारो माणसांना कळलं, की आपण जिंकलो तरी आपलं गाव आपल्या देशात नसेल. अँडर्स यांनी सैन्य आघाडीवरून मागे घेण्याची परवानगी मागितली. त्या जागी पाठवायला दुसरं सैन्य नाही, असं त्यांना आघाडीवरच्या सेनापतींनी सांगितलं. चर्चिल मात्र भेटीत म्हणाले, की आता आमच्याकडे पुरेशी फौज आहे, तुमच्या डिव्हिजन खुशाल घेऊन जा; असं अँडर्स यांनी नंतर लिहून ठेवलं आहे. ते थांबले, आणि 21 एप्रिलला त्यांचे सैनिक बोलोन्यात शिरले.

इथेच थंड डोक्याचा टीकाकार विचारतो: याल्टानंतर लढण्यात काय अर्थ होता? माझं उत्तर असं, की त्या क्षणी शस्त्र टाकलं असतं तर पोलंडचा दावाही तिथेच संपला असता. 'यांनी अर्ध्यात साथ सोडली' एवढीच नोंद राहिली असती, आणि ती सर्वांच्या सोयीची ठरली असती. करार मोडण्याचं निमित्त त्यांनी दुसऱ्या पक्षाला मिळू दिलं नाही. आपली बाजू शेवटपर्यंत पाळणं हा भाबडेपणा नव्हे. पुढे हक्क सांगायचा असेल तर तेवढं एकच साधन हाती असतं.

एक आक्षेप मात्र मला खरोखर जड वाटतो. परमुलखातलं सरकार स्वतः सुरक्षित असतं आणि त्याच्या शब्दाची किंमत मायदेशातले लोक मोजतात. 1 ऑगस्ट 1944 ला वॉर्सात उठाव झाला. उठावाची वेळ ठरवण्याचा अधिकार लंडनच्या सरकारने आधीच तिथल्या प्रतिनिधींना देऊन टाकला होता, आणि सिकोर्स्कींनंतरचे सरसेनापती सोस्नकोव्स्की यांचा तर अशा सार्वत्रिक उठावाला विरोध होता. 63 दिवसांत दीड लाखाहून अधिक नागरिक मेले आणि शहर जमीनदोस्त झालं. वॉर्साच्या मदतीसाठीच तयार केलेली पोलिश छत्रीधारी (पॅराशूट) ब्रिगेड तेव्हा इंग्लंडमध्ये होती. तिला वॉर्साला नेणं ब्रिटनने अशक्य ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये हॉलंडमधल्या आर्नहेमला उतरवलं. तिथल्या अपयशाचं खापर तिचे सेनापती स्तानिस्वाव सोसाबोव्स्की यांच्यावर फोडून त्यांना पदावरून दूर केलं गेलं. म्हणून मी एक रेघ ओढतो. परमुलखातल्या सैन्याने स्वतःचं रक्त द्यावं, तो त्याचा अधिकार आहे. मागे राहिलेल्या निःशस्त्र लोकांचं रक्त पणाला लावण्याचा निर्णय लंडनमध्ये बसून घेता येत नाही, आणि तो दुसऱ्यावर ढकलूनही जबाबदारी टळत नाही. लंडनचं सरकार या कसोटीला पूर्ण उतरलं, असं मी म्हणणार नाही.

5 जुलै 1945 ला अमेरिकेने आणि ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. दोन लाखांहून अधिक माणसं तेव्हा त्या सरकारच्या गणवेशात होती. दोनच महिन्यांपूर्वी त्यांच्यातल्या पहिल्या चिलखती डिव्हिजनने जर्मन नौदलाच्या विल्हेल्म्सहाफेन तळाची शरणागती स्वीकारली होती. आता हे सैन्य कुणाचं, हेच ठरत नव्हतं. 8 जून 1946 ला लंडनमध्ये विजयाचं संचलन झालं. निमंत्रण वॉर्सातल्या, सोव्हिएत पाठिंब्याच्या नव्या साम्यवादी सरकारला गेलं होतं, ते आलं नाही. पश्चिमेत लढलेल्या पोलिश फौजेला बोलावलं नव्हतं. ब्रिटिश हवाईदलाबरोबर चालण्यासाठी तेवढे 303 तुकडीतले 25 वैमानिक बोलावले गेले. बाकीच्यांना वगळलं म्हणून तेही गेले नाहीत.

ब्रिटनने काहीच केलं नाही असं नाही. पुनर्वसनासाठी खास दल काढलं, 1947 मध्ये कायदा केला, लाखाहून अधिक लोकांना तिथे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क दिला. दमलेल्या, कर्जबाजारी देशाने हे केलं, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण निवारा देणं वेगळं आणि ऋण मान्य करणं वेगळं. हॉलंडमधलं ब्रेडा शहर एकाही नागरिकाचा जीव जाऊ न देता सोडवणारे जनरल स्तानिस्वाव माचेक एडिंबरोत हॉटेलच्या बारमध्ये काम करत होते, कारण सेनानी म्हणून पेन्शन मिळण्याचा त्यांचा हक्क मानला गेला नाही. सोसाबोव्स्की कारखान्यात मजुरी करत होते. अँडर्सचं नागरिकत्व वॉर्साच्या सरकारने काढून घेतलं. वळिवड्यातल्या बायका सामानाच्या पेट्या बांधून नवऱ्याकडे ब्रिटनला निघाल्या, तेव्हा परतायला घर उरलेलं नव्हतं. त्यांनी रिकाम्या केलेल्या बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी आले आणि तिथे गांधीनगर वसलं.

तरीही 'मिळालं काय' याचं उत्तर आहे. मान्यता गेल्यावरही लंडनचं ते सरकार मिटलं नाही. पैसा नाही, दूतावास नाहीत, सैन्य विखुरलेलं. तरी अध्यक्षामागून अध्यक्ष शपथ घेत राहिले. 22 डिसेंबर 1990 ला शेवटचे अध्यक्ष रिशार्द काचोरोव्स्की यांनी वॉर्साच्या राजवाड्यात पोलंडचे नवे निवडून आलेले अध्यक्ष लेख वालेंसा यांच्या हाती राज्याची मुद्रा, निशाण आणि 1935 च्या राज्यघटनेची मूळ प्रत सोपवली. विशीत असताना सोव्हिएत न्यायालयाने काचोरोव्स्कींना मृत्युदंड दिला होता. मग कोलिमाची छावणी, मग अँडर्सची फौज, मग मॉन्ते कॅसिनो. वालेंसांनी आपला वारसा मधल्या साम्यवादी अध्यक्षाकडून घेतला नाही, या माणसाकडून घेतला. 51 वर्षं जपलेला धागा टिकला, कारण 1940 मध्ये कुणीतरी दुसऱ्या राजाची शपथ घ्यायला नकार दिला होता.

ब्रिटनकडे बोट दाखवणं आपल्याला सोपं आहे. पण नोव्हेंबर 1962 मध्ये चीनच्या युद्धात आपणही असंच एक दल उभं केलं. उत्तराखंडातल्या चक्राता इथल्या या विशेष सीमा दलात तिबेटी निर्वासित भरती झाले. 1971 मध्ये ते चितगावच्या डोंगरांत पाकिस्तानी फौजेशी लढले आणि त्यांतले 50 हून अधिक जण मेले. ती लढाई ना तिबेटची होती, ना चीनविरुद्धची. दल गुप्त असल्यामुळे या माणसांच्या पराक्रमाचा जाहीर गौरव झाला नाही. 2003 मध्ये आपल्या सरकारने तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचं लेखी मान्य केलं. म्हणजे सैनिक आपले आणि त्यांच्या देशावरचा दावा शत्रूचा, ही 1945 मधली ब्रिटनची भूमिका आपल्याच कागदावर आहे. परराष्ट्रधोरणाच्या अडचणी मला कळतात. चर्चिलच्याही अडचणी खऱ्याच होत्या. पण 1971 च्या त्या मृतांची नावं स्मारकांवर कोरायला, त्यांच्या घरच्यांना सन्मान आणि पूर्ण निवृत्तिवेतनाचा हक्क आहे असं संसदेत उभं राहून सांगायला, बीजिंगची परवानगी लागत नाही.

सप्टेंबर 2020 मध्ये लेहजवळ या दलातल्या एका अधिकाऱ्याचे अंत्यसंस्कार झाले. पँगाँग सरोवराजवळ सुरुंगाच्या स्फोटात तो गेला होता. त्याच्या शवपेटीवर दोन निशाणं होती, भारताचं आणि तिबेटचं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले लोकही हातांत ती दोन्ही घेऊन आले होते.